गुलाबी नाकाचं विमान

मिनल आणि मी बरीच वर्षं एकाच टेबलाशी बसून दात बनवत होतो. पिंपळे सौदागरला एका मेडिकलच्या दुकानावर आमची डेंटल लॅब आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडं पाठवतात आणि त्या मापावरून आम्ही कवळ्या, कॅपा, तारेच्या प्लेटा तयार करून देतो. दिवसभर मेण, प्लॅस्टर, अॅक्रिलिकच्या लिक्विडचा नाकात बसणारा वास आणि घुर्र घुर्र चालणारी छोटी मशीन. पेशंट आम्हाला कधी बघत नाही, आम्ही पेशंटला बघत नाही.

मी रहाटणीहून चालत यायचे, मिनल काळेवाडीहून स्कूटीवर. दाढ कोरण्यात तिचा हात आमच्यात सगळ्यात चांगला. स्वभाव मात्र जीवाला घोर लावून घेणारा. गॅस बंद केला का नाही, म्हणून अर्ध्या रस्त्यातून माघारी जायची. पावडर कालवली की विचारायची, "स्वरूपाताई, तुम्ही बघितलं ना मी किती घातली ते?" मी म्हणायचे, "बघितलं गं बाई." मग कुठं तिचा हात पुढं चालायचा.

तिचा नवरा बुद्धरत्न वायुसेनेत आहे. विमान उडवत नाही, विमानाची इंजिनं सांभाळतो. त्या वर्षी जानेवारीत त्याची पंजाबातल्या एका तळावर बदली झाली होती. तिथं क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून मिनल काळेवाडीतच सासूसासऱ्यांजवळ राहिली. सासरे अण्णासाहेब पिंपरीतल्या कंपनीतून रिटायर झालेले, कान थोडे गेलेले, त्यामुळं टीव्ही मोठ्या आवाजात. सासूबाई तानुबाई खेड तालुक्यातल्या. पन्नास वर्षं शहरात काढूनही त्यांची बोली तशीच राहिली.

बुद्धरत्नला एक नाद होता, प्लॅस्टिकची विमानं जोडायचा. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एप्रिलच्या शेवटी तो सुट्टीवर आला तेव्हा असंच एक मोठं खोकं घेऊन आला. दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं चार इंजिनांचं लँकॅस्टर बॉम्बर. हे किट त्याला पुष्कळ दिवस मिळत नव्हतं. बुद्धपौर्णिमेपर्यंत घरी राहून ते पुरं करायचं, असा त्याचा बेत होता. संध्याकाळी तो टेबलाशी बसायचा आणि मिनल समोर लसूण सोलत बसायची. एकदा घासता घासता तो तिला म्हणाला होता, "लढाई संपल्यावर ह्यातल्या काही विमानांच्या तोफा काढल्या, खिडक्या पाडल्या आणि त्यातनं माणसं न्यायला लागले. मग त्याचं नाव लँकास्ट्रियन." मिनलनं हूं केलं आणि पुढची पाकळी घेतली.

मग सीमेवर परिस्थिती बिघडली आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. फोन सकाळी आला आणि दुपारी बुद्धरत्न बॅग भरून दारात उभा. विमानाचं मधलं अंग जोडून झालं होतं, पंख बाजूला पडले होते, पोटाची दारं उघडी ठेवून आत बॉम्बची रांग बसवलेली होती. जाता जाता तो मिनलला म्हणाला, "ह्याला हात लावू नको, फक्त झाकून ठेव. आणि हे बघ, फोन बंद असेल. मला वेळ मिळाला की मीच करीन. तू लावत बसू नको."

"कधी करशील?"

"करीन गं."

एवढ्यावर तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून मिनल लॅबमध्ये यायची ती फक्त शरीरानं. आमच्याकडं कामाच्या वेळी फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम आहे. ती ड्रॉवर उघडा ठेवून बसायला लागली. मालक जयसिंगसरांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. एकदा तिनं खालच्या जबड्याचे दात वरच्यावर लावले. मी गुपचूप काढून पुन्हा लावले.

घरी वेगळाच प्रकार. अण्णासाहेब सकाळी दात घासायच्या आधी टीव्ही लावायचे. पडद्यावर विमानं, धूर, लाल अक्षरं, ओरडणारी माणसं. तानुबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि भाकरी थापता थापता हात थांबायचा. बुद्धरत्नला घरात रतन म्हणतात. नातेवाइकांचे फोन यायचे, "रतनचं काही कळलं का?" काही कळलेलं नसायचं. सोसायटीच्या ग्रुपवर लोक दिवे बंद ठेवायच्या सूचना पाठवत होते, कोणी किराणा भरून ठेवा म्हणत होतं.

आणि खोलीच्या कोपऱ्यात, उपरण्याखाली, ते विमान.

ज्या सकाळी हल्ले झाल्याची बातमी आली, त्या सकाळी तानुबाईंनी उपरणं उचललं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मिनल डबा भरत होती.

"मिनल, ह्ये बॉम्ब टाकायचंच इमान न्हवं का?"

"हो आई. पण जुनं आहे. खेळण्यासारखंच."

"टीवीवर असलीच दावत्यात. ह्याच्या पोटात बग कशी वळीनं ठेवल्यात." त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं. "आसलंच कुणाचं तरी आपल्या पोराच्या डोक्यावर फिरत असंल. अन् आपन त्ये घरात मांडून बसलोय. पौर्णिमा तोंडावर आली. भगवंताम्होरं दिवा लावायचा तो ह्याच्याकडं बगत लावू व्हय?"

मिनल म्हणाली, "त्यांनी झाकून ठेवायला सांगितलंय."

"मग झाकून दुसरीकडं ठेव. माज्या डोळ्याम्होरं नको."

मिनलला ते पटलं असं नाही. पण सासूचा चेहरा बघून तिनं वाद घातला नाही. दुपारच्या सुट्टीत ती घरी गेली, सगळं परत खोक्यात भरलं, खोकं स्कूटीवर पायाशी घेतलं आणि लॅबमध्ये आणून कपाटावर ठेवलं. मला म्हणाली, "ताई, चारच दिवस. तो आला की नेईन."

संध्याकाळी ती घरी पोहोचली तर तानुबाई मोकळ्या टेबलाजवळ खाली बसलेल्या. रडत होत्या.

"कुठं घातलंस?"

"लॅबमध्ये नेऊन ठेवलं. तुम्हीच म्हणालात ना."

"म्या दुसऱ्या खोलीत म्हनलं, घराभाईर म्हनलं न्हाई! मानसाची चीजवस्त घराभाईर कवा काढत्यात, ठावं हाय का तुला? कवा काढत्यात?"

अण्णासाहेबांनी पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज कमी केला. मिनल तशीच माघारी फिरली, लॅबचं शटर ओढून घ्यायला निघालेल्या जयसिंगसरांना थांबवलं आणि खोकं काढून घेतलं. मी जिन्यात होते. मला म्हणाली, "ताई, ते घरातही नकोय आणि घराबाहेरही नकोय. मी काय करू सांगा."

मी म्हटलं, "आज तरी घेऊन जा."

ती खोकं छातीशी धरून जिन्यातच बसली. मग तिला बुद्धरत्नचं ते बोलणं आठवलं. तिनं फोन काढला आणि लँकास्ट्रियनचे फोटो शोधले. तेच पंख, तीच चार इंजिनं, तीच दोन शेपट्यांची मागची बाजू. पण पुढचा काचेचा तोफेचा घुमट गेलेला आणि तिथं लांबट, निमुळतं, बंद नाक. शेवटाला तोफेऐवजी तसंच निमुळतं टोक. पाठीवरचा घुमट नाही. पोट बंद. अंगाला छोट्या खिडक्या.

"ताई, हे मेणात कोरता येईल," ती म्हणाली. "नाक म्हणजे काय, एक मोठा सुळाच आहे."

मी म्हटलं, "अगं, त्यानं हात लावू नको म्हणून सांगितलंय ना?"

"सांगितलंय," ती म्हणाली. आणि फोटोतलं नाक बोटांनी मोठं करून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली तशी तिनं डबा बाजूला सारला आणि विमान टेबलावर घेतलं. आधी सोपं होतं ते केलं. पोटातली बॉम्बची रांग चिमट्यानं एकेक करून उचकटली, दारं बंद करून चिकटवली आणि फटीत पुटिंग भरलं. पाठीवरचा घुमट अजून बसवलेला नव्हता, त्याच्या भोकावर प्लॅस्टिकची चकती बसवून बुजवलं. मग मेण गरम करून नाकाचा गोळा केला आणि सुरीनं कोरायला लागली. कोरताना तिचे हात मला कित्येक दिवसांनी स्थिर दिसले. पण डोळे ड्रॉवरकडं जातच होते. एकदा फोन थरथरला तर सुरी टाकून झडप घातली. ते कर्ज हवंय का विचारणारं कोणीतरी होतं.

मेणाचं नाक मनासारखं झाल्यावर तिनं त्याचा प्लॅस्टरमध्ये साचा घेतला, मेण वितळवून काढून टाकलं आणि साच्यात अॅक्रिलिक भरलं. आमच्याकडं कवळीचं अॅक्रिलिक एकाच रंगाचं असतं, हिरडीच्या. साचा फोडला तेव्हा आतून गुळगुळीत, गुलाबी नाक निघालं. शेपटीचं टोकही तसंच.

जयसिंगसर मागं येऊन उभे राहिले. "मिनल, विमानाला कवळी बसवायला घेतली काय?"

मी घाबरले, मिनलही घाबरली. "सर, मटेरियलचे पैसे माझ्याकडनं घ्या."

"मी मटेरियलचं विचारलं का?" ते म्हणाले. "नाकाचा सांधा तिरका येतोय, बघ. आधी पुढचा भाग सरळ कापून घे, मग बसव."

हे कापायचं काम ती टाळत होती. पुटिंग खरवडता येतं, चिकटवलेलं सोडवता येतं. कापलं की कापलं. नवऱ्यानं वाट बघून मिळवलेल्या विमानाचं तोंड उडवायचं होतं. तिनं हातात धरायच्या मशीनला, हँडपीसला, पातळ चकती लावली, पाय पॅडलवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. चकती प्लॅस्टिकला लागली, जळका वास सुटला. निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात ड्रॉवरमधला फोन वाजला.

तिचा हात दचकला. चकती वर सरकली आणि वैमानिकाच्या खोलीच्या काचेजवळ बोटाच्या पेराएवढा चरा पाडून गेली. कड तडकली. मिनलनं त्याकडं बघितलंसुद्धा नाही. फोन अण्णासाहेबांचा होता.

"मिनल, टीव्हीवर त्याच्याच तळाचं नाव घेतलं गं. स्फोट झाला म्हणतात. तुला काही फोन?"

लॅबमधली सगळी मशिनं बंद झाली. ती उभी राहिली, खाली बसली, परत उभी राहिली. त्यानं लावू नको म्हणून सांगितलेला नंबर तिनं लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मी माझ्या फोनवर बातम्या बघायला लागले. एक जण म्हणत होता झाला, दुसरा म्हणत होता सगळे हल्ले परतवले, तिसरा त्याच जागेचा म्हणून भलतंच कुठलं तरी चित्र दाखवत होता. जयसिंगसरांनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. तिच्या बोटांना गुलाबी पावडर लागलेली, ती ग्लासला उतरली.

"घरी सोडू का?" त्यांनी विचारलं.

"नको सर. घरी आई माझ्या तोंडाकडं बघत बसतील. मला त्यांना काहीच सांगता येणार नाही."

ती घरी गेली नाही. कापायचं राहिलेलं पुरं केलं. चऱ्यात मेणाच्या सुरीनं पुटिंग भरत बसली. इतकं हळू की एक चरा भरता भरता लॅब बंद व्हायची वेळ झाली. मी शेजारी बसून माझ्या कवळीला पॉलिश करत होते आणि तिच्याकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते. मध्येच ती म्हणाली, "ताई, मी हे कापलं आणि तेवढ्यात फोन आला. असं काही असतं का हो?"

"काही नसतं," मी म्हटलं. "तुझे सासरे टीव्ही बघतात म्हणून फोन आला."

तिला ते पुरलं नाही, हे दिसत होतं. मलाही पुरलं नव्हतं.

बुद्धरत्नचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. अनोळखी नंबर. मिनल फोन घेऊन जिन्यात पळाली, मी दार धरून उभी. तिच्या बाजूचं बोलणं मला ऐकू आलं.

"हो... हो. तू जेवलास का?... टीव्हीवर म्हणत होते... बरं, नाही बघत. आई ठीक आहेत. अण्णा ठीक आहेत." मग तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "हो. झाकून ठेवलंय."

फोन ठेवून ती आत आली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. रडणं संपल्यावर म्हणाली, "त्यानं विमानाचं विचारलं. मी खोटं बोलले. तो तिकडं कशात आहे आणि मी त्याच्याशी खोटं बोलले."

"आल्यावर खरं सांग."

"येऊ दे तर खरं," ती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. काळेवाडीत कोणीतरी फटाके वाजवले, त्या आवाजानं तानुबाई दचकून ओट्याला धरून उभ्या राहिल्या. अण्णासाहेब टीव्ही बंद करायला तयार नव्हते, कारण थांबली म्हणतात तरी काही ठिकाणी अजून चाललंय असंही म्हणत होते. बुद्धरत्नचा फोन पुन्हा आला नव्हता.

सोमवारी बुद्धपौर्णिमा. मिनलनं आदल्या दिवशी, रविवारी, लॅब बंद असताना जयसिंगसरांकडून चावी घेऊन खिडक्यांचं काम उरकलं होतं. दोन्ही अंगांना बारीक भोकं पाडून त्यात प्लेटांचं पारदर्शक अॅक्रिलिक भरलं होतं. पंख जोडले होते. रंग द्यायला वेळ नव्हता. पौर्णिमेच्या सकाळी तिनं ते तसंच टेबलावर आणून ठेवलं. अंग राखाडी, नाक आणि शेपटी हिरडीसारखी गुलाबी, मध्ये पांढऱ्या पुटिंगचे डाग. घरातली सगळी पांढऱ्या कपड्यांत. वंदना व्हायची होती, खीर शिजत होती.

तानुबाई पदर खोचून जवळ आल्या. "ह्येला काय झालं? भाजल्यावानी दिसतंय."

"रंग द्यायचाय अजून. आता हे बॉम्बचं नाही राहिलं आई. हे माणसं नेणारं आहे. लढाई संपल्यावर खरोखरच असं करायचे. पोट बंद केलंय बघा. ह्या खिडक्या."

तानुबाईंनी वाकून खिडक्यांतून आत बघितलं. आत काही नव्हतंच. "मानसं किती बसत्यात?"

"फार नाही. दहाबारा. आणि टपालाच्या थैल्या."

"एवढ्या मोठ्या इमानात दहाबाराच?"

"मुळात माणसांसाठी केलेलं नव्हतं ना."

तानुबाई हूं म्हणाल्या. मग त्यांनी ते टेबल थोडं ओढून खिडकीशी नेलं आणि भगवंतांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायला वळल्या. दुपारी बुद्धरत्नचा फोन आला आणि ह्या वेळी त्याला आईशी पुष्कळ बोलायला मिळालं. विमानाचा विषय कोणीही काढला नाही.

पुढचे दोन महिने मिनलनं त्या विमानावर काम केलं नाही. मी विचारलं की म्हणायची, "रंग त्यालाच देऊ दे." खरं म्हणजे तिला भीती बसली होती. रोज फोन यायला लागला होता, रोज ती आज सांगते म्हणायची आणि रोज न सांगताच फोन ठेवून द्यायची. मला म्हणायची, "ताई, तो लांबून ऐकेल तर वेगळंच समजेल. समोर बघू दे."

जुलैच्या मधल्या आठवड्यात तो आला. त्या दिवशी मिनलनं रजा घेतली होती. पुढं काय झालं ते तिनं मला दुसऱ्या दिवशी, एकही दात न बनवता, सांगितलं.

त्यानं बूट काढले, आईवडिलांच्या पाया पडला, पाणी प्यायला आणि खिडकीशी गेला. उपरणं उचललं. त्यानं विमान हातात घेतलं, नाकावरून अंगठा फिरवला, उलटं करून पोट बघितलं. काचेजवळच्या भरलेल्या चऱ्यावर त्याचं बोट थांबलं.

"कोणी केलं हे?"

"मी," मिनल म्हणाली.

"तू फोनवर म्हणालीस झाकून ठेवलंय."

"झाकूनच ठेवलं होतं."

तो हसला नाही. विमान खाली ठेवून गॅलरीत गेला आणि जेवायला बोलावेपर्यंत आत आला नाही. जेवताना तानुबाई म्हणाल्या, "रतन, तिला बोलू नगंस. म्याच म्हनलं व्हतं, ह्ये घरात नको."

तेव्हा तो बोलला. आवाज चढवून नाही. "आई, मी रोज सकाळी उठून ह्याच कामाला जातो. ज्या विमानाखाली मी झोपतो, ते काही लग्नाचं वऱ्हाड न्यायला उभं नसतं. तुम्हाला ते घरात बघवत नाही. मग मी घरात आलो की तुम्ही मला कुठल्या रंगात बघता? माझं पण नाक कापून बसवणार का दुसरं?"

अण्णासाहेबांनी ऐकलं का नाही कोण जाणे, ते ताटात बघत राहिले. तानुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मिनल एरवी सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याला अहोजाहो करते. त्या दिवशी तिच्या तोंडून ते निघालं नाही.

"तू जेव आधी," ती म्हणाली. "तुझं काम आम्हाला नको असतं तर तुझ्याशी लग्न केलं नसतं मी. तू तिकडं होतास तेव्हा तुला काम तरी होतं. आम्हाला काय होतं? टीव्ही होता. आई ते विमान घरात ठेवू देईनात आणि बाहेर नेलं तर तुझी वस्तू गेली म्हणून रडायला लागल्या. मी ते कुठं ठेवायचं होतं? मला दात करता येतात, मी दात केले. चुकलं असेल. पण तू नाक कापायचं बोललास ते मला नाही चालणार."

मग अण्णासाहेब म्हणाले, "रतन, भात घे." म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं.

बुद्धरत्ननं भात घेतला. जेवण झाल्यावर त्यानं भांडी उचलली, ओट्याशी नेऊन ठेवली आणि मिनलच्या शेजारी उभा राहिला. "कापताना हात का सरकला?" त्यानं विचारलं.

"अण्णांचा फोन आला. तुझ्या तळाचं नाव घेतलं म्हणून."

त्यानं नळ बंद केला. "त्या दिवशी आम्ही खंदकात होतो," तो म्हणाला. "आवाज जवळनंच आला होता." त्यानं ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. पुढं काय झालं ते तिनं विचारलं, त्यानं सांगितलं, आणि ते मिनलनं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

राग त्याचा लगेच गेला असं नाही. दोन दिवस तो विमानाकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मिनल लॅबमधून घरी गेली तर तो पॉलिश पेपर घेऊन गुलाबी नाक घासत बसलेला. "ह्याला रंग धरणार नाही असं गुळगुळीत ठेवलं तर," तो म्हणाला. "आणि डाव्या अंगाला एक खिडकी जास्त झाली आहे." मिनलनं फोनमधला फोटो काढून दाखवला. त्यात बरोबर होतं का नाही ह्यावरून त्यांचं भांडण झालं, आणि ते भांडण तिनं मला इतक्या आनंदानं सांगितलं की मीही हसले. काळेवाडीतल्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून त्यानं चंदेरी रंग आणला. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून दोघांनी विमान रंगवलं. तानुबाई दारात उभं राहून डास मारत होत्या आणि कुठं राहिलंय ते सांगत होत्या. नवं बॉम्बर घ्यायचं म्हणाला तेव्हा त्याच म्हणाल्या, "आन. पर पोट बंद ठिवून जोड."

सुट्टी संपली, तो गेला. ऑक्टोबरमध्ये, अशोक विजयादशमीच्या आसपास, क्वार्टर मिळालं आणि मिनलनं लॅब सोडली. तिच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, पण दाढ तिला अजून जमत नाही. चंदेरी विमान मिनल बरोबर न्यायला निघाली होती, तर तानुबाईंनी दिलं नाही. "तितं तुमच्याकडं खऱ्यांचा बाजार हाय, ह्ये हितंच राहू दे," म्हणाल्या.

गेल्या रविवारी मिनलचा फोन आला. तिकडं थंडी फार, दूध चांगलं मिळतं, शेजारीण केरळची आहे आणि दोघी खुणांनी बोलतात. मी विचारलं, "आता बरं ना? नवरा समोर आहे."

"ताई, पहाटे विमानं उठतात तेव्हा खिडक्या हालतात," ती म्हणाली. "किती उठली ते मी मोजते. मग भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना किती उतरली ते मोजते. हा म्हणतो, अगं, काही दुसरीकडं उतरतात. पण मला एखादं कमी आलं की हातातलं काम सुचत नाही."

"मग काय करतेस?"

"काय करणार, त्याला डब्यासाठी फोन लावते. काय भाजी करू म्हणून विचारते." मग म्हणाली, "सरांना विचाराल का? इथं एकही चांगली लॅब नाही. मापं कुरियरनं पाठवली तर मी मेणातले दात लावून परत पाठवीन. हाताला काम पाहिजे."

मी जयसिंगसरांना विचारलं. वाटेत मेण वितळेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग म्हणाले, आता थंडीच आहे, एक कवळी पाठवून बघू.